वरच्या आळीचं पाणी

खोली द्यायच्या आधी अव्वानं मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. तिनं विचारलं, "मोरीत काय काय सांडतीस?"

मी नांदेडची. पहिलीच नोकरी, शाळेवर रुजू व्हायला ट्रंक आणि वळकटी घेऊन निलंग्याच्या बाजूच्या त्या गावात उतरले होते. तीन एसट्या बदलून डोकं उठलेलं. "पाणी सांडते," मी फटकन म्हणाले.

"पाणी तर समदेच सांडतेत. पाण्यासंगं काय सांडतीस?"

मग मी भात, डाळ, साबण असं काहीबाही सांगितलं. अव्वा आत गेली आणि गवताची एक चुंबळ घेऊन आली. "ही मोरीच्या तोंडात बसवायची. शितं, डाळ, केस, समदं हिच्यात अडकतंय. दर सोमवारी काढून उकिरड्यावर टाकायची आन् नवी बसवायची. जमंल?"

जमेल म्हणाले आणि खोली मिळाली. बाई जरा सर्किट दिसतेय, असं त्या रात्री आईला पत्रात लिहिल्याचं आठवतं. ते पत्र आईनं जपून ठेवलं नाही, हे बरंच झालं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावातली जुनी माणसं कचेरीच्या कामासाठी सवयीनं उस्मानाबादेला निघायची आणि अर्ध्या वाटेत आठवण झाली की जिभा चावून परत फिरायची. नवा जिल्हा झाला म्हणजे काहीतरी होणार असं सगळ्यांना वाटत होतं. झाला तो दुष्काळ. मी तिथं दीड वर्ष राहिले, त्यात ढग पाहिल्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते पांढरं ऊन, करपलेल्या काळ्या रानावरून हलणाऱ्या झळा, आणि त्या झळांच्या मधोमध, स्वप्नात दिसावी तशी, अव्वाची लाल-पिवळी कर्दळ.

अव्वा लिंगायत वाण्याच्या घरातली, साठीची विधवा, उंच आणि वाळकी. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, हातात वेळूची काठी. माहेर बिदरच्या बाजूचं, त्यामुळं बोलता बोलता कानडी शब्द यायचा. माणसांशी ती मराठी बोले, म्हशीशी मिसळून बोले, आणि पाण्याशी निव्वळ कानडी. रोज सकाळी ती आळीच्या वरच्या टोकापासून नालीच्या कडेकडेनं चालत यायची, काठीनं पानं-काटक्या बाजूला सारायची आणि वाहत्या पाण्याला म्हणायची, "बा, बा." म्हणजे ये, ये. मी अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकायची. सांडपाण्याला एवढ्या मायेनं बोलावणारं माणूस मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

नालीवरून तिला सगळी आळी वाचता यायची. कुणाकडं काल मेथी होती, कुणाकडं पाहुणे आले, कुणाच्या घरात भांडण होऊन आमटी तशीच ओतली गेली, कुणाच्या सुनेला कच्च्या चिंचा गोड लागायला लागल्या, हे घरातल्यांच्या आधी अव्वाला कळे. पण तिच्या तोंडून कधी एक अक्षर बाहेर पडलं नाही. मी एकदा खोदून खोदून विचारलं. तेव्हा म्हणाली, "नालीला समदं म्हाईत आसतंय. ती बोलती का? मंग म्या कामून बोलू?"

आळीच्या खालच्या टोकाला, ओढ्याच्या जरा अलीकडं अव्वाचा स्वतःचा जमिनीचा तुकडा होता. तिथं तिनं चार खड्डे खणून घेतले होते, एकापेक्षा एक जरा खाली. पहिल्यात मोठे धोंडे आणि तुराट्यांची जाळी. दुसऱ्यात विटांचे तुकडे, फुटकी कौलं, कोळसा. तिसऱ्यात ओढ्यातली जाड वाळू आणि तिच्यावर दाट कर्दळ. चौथा नुसताच, शेवग्याच्या सावलीत. या खड्ड्यांना तिनं नावं दिली होती. पहिला धुसफुशीचा, दुसरा रुसव्याचा, तिसरा समजुतीचा आणि चौथा झोपेचा.

"पाणी घरातून निघतं ते तणतणत निघतंय बघ," ती म्हणायची. "साबण, तेल, राख, कुणाकुणाचा राग, समदं घिऊन. त्याला एकदम कुठं सोडू ने. बसवावं, गोंजारावं, दम खाऊ द्यावा."

दुपारी शाळा सुटली की मी चौथ्या खड्ड्याशी जाऊन बसायची. तिथं खरोखरच झोप यायची. पाणी हलायचं नाही, त्याला वास नसायचा, वर दोन चतुर एका जागी थरथरत राहायचे. कुठून तरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजायची. अव्वा शेवग्याला टेकून डोळे मिटून बसलेली असायची. मी काही बोलायला गेले की डोळे न उघडताच म्हणायची, "हळू. झोपलंय ते." पाणी झोपलंय की अव्वा, हे मला कधी कळलं नाही.

चौथ्या खड्ड्यातून पाणी केळींना, लिंबाला आणि म्हशीच्या घासाला जाई. तिथंच संपे. एक थेंब पुढं ओढ्यात जाऊ द्यायचा नाही, यावर तिचा कटाक्ष होता. एवढं नितळ पाणी पाहून मी एकदा म्हणाले, "अव्वा, हे प्यायलासुद्धा चालेल." ती एकदम ताठ बसली. "येडी हायस का? हे झाडाचं पाणी. माणसाचं न्हाई. दिसतंय चांगलं म्हणून काय चांगलं आसतंय का?"

नव्या जिल्ह्याचे एक साहेब जीपमधून पाणवठे पाहत आले तेव्हा तिच्या बागेपाशी थबकले. सगळा मुलूख करपलेला आणि इथं केळी. त्यांनी वही काढली, ही कोणती योजना, असं विचारलं. अव्वा म्हणाली, "साहेब, नवीन जिल्हा केला म्हणतेत. बरं केलं. त्याची नाली कुठं जाती, ते बघितलं का?" साहेबांनी वही मिटली. चहा मात्र पिऊन गेले.

हा उद्योग तिनं का सुरू केला हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मी आपली समजत होते, बाईला बागेची हौस. एका दुपारी तिनं आपण होऊन सांगितलं.

ओढ्याच्या वळणावर खालची वस्ती होती. तिथल्या लोकांना वरच्या आळीच्या आडावर पाणी भरायची सोय कधीच नव्हती. का नव्हती ते सांगायला नको. ती माणसं ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायची. आणि वरच्या आळीची नाली पिढ्यान्‌पिढ्या त्याच ओढ्यात पडत होती, झिऱ्यापासून शंभर पावलांवर. पाऊसकाळ बरा असे तोवर ओढा वाहता राही आणि कुणाला काही वाटत नसे. एका उन्हाळ्यात ओढा आटला. त्या दिवसांत वस्तीतली सुंद्राबाई, अव्वाच्याच वयाची, अव्वाच्याच शेतात खुरपायला येणारी, अव्वाच्या पायरीशी आली आणि पाण्यानं भरलेला तांब्या तिनं खाली ठेवला.

"काय गं?" अव्वानं विचारलं.

"तुमचं हाय. देयाला आले."

अव्वानं वाकून पाहिलं. तांब्याच्या तळाशी भाताचं एक शीत होतं.

"आमच्यात भात सणालाच शिजतोय, अव्वा," सुंद्राबाई म्हणाली आणि निघून गेली. भांडली नाही, रडली नाही. तिचा नातू तेव्हा हगवणीनं अंथरुणाला खिळला होता, हे अव्वाला मागाहून कळलं. पोरगा वाचला. पण त्या रात्री अव्वा जेवली नाही, आणि आठ दिवसांत तिनं पहिला खड्डा खणायला घेतला.

हे ऐकता ऐकता मला माझ्या मोरीतली चुंबळ आठवली. ती दोन सोमवार मी बदललीच नव्हती. घरी जाऊन आधी ती बदलली.

आळीतली सगळी घरं हळूहळू अव्वाच्या खड्ड्यांना जोडली गेली होती. एक सोडून. ते घर होतं मल्लप्पांचं, अव्वाच्या धाकट्या दिराचं. आळीतलं सगळ्यांत मोठं घर, दहा-बारा माणसांचा राबता. त्यांची मोरी मागच्या बाजूनं थेट ओढ्यात पडायची. तुम्हाला वाटेल दीर-भावजयीचं भांडण असेल. उलट. मल्लप्पा एवढा भला माणूस की अव्वा दिसली की चपला काढून बाजूला उभा राहायचा. अडचण तीच होती.

"वैनी मला आईच्या जागी हाय," मी एकदा मोरीचा विषय काढला तेव्हा ते मला म्हणाले. "माझ्या घरचं खरकटं पानी तिच्या दारात सोडू? जिभंला हाड हाय का न्हाई तुमच्या, बाई? मेल्यावर दादाला काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "मग ओढ्यात सोडलेलं चालतं?"

"वढा काय कुनाची आई हाय का?" मल्लप्पा म्हणाले. आदरापोटी माणूस केवढा अडून बसू शकतो ते मी तिथं पाहिलं. अव्वानं त्यांना किती वेळा सांगितलं असेल. ते खाली मान घालून ऐकायचे, "व्हय वैनी" म्हणायचे आणि मोरी तिथंच राहायची. अव्वाला यामुळं झोप लागत नसे. "एवढं एक घर," ती बोटानं दाखवायची. "समदं करून बी झिरा नासायचा आसंल तर त्या एका मोरीनं नासंल."

मग येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्या नांदेडकडं एवढं काही नसतं, पण लातूरच्या मुलखात त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळे शेतात. भज्जी, खीर, उंडे, आणि ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसणाची आंबट आंबिल, मडकीच्या मडकी. त्या साली शेतात पीक उभं नव्हतं, तरी येळवस कुणी चुकवली नाही. सवयीच्या अंदाजानं आंबिल झाली. पण दुष्काळ म्हणून पाहुणे आलेच नाहीत. आपल्या घरी नाही आणि दुसऱ्याच्या घरी खायला कोणत्या तोंडानं जायचं, असं पाहुण्यांना वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी घरोघर आंबट झालेल्या आंबिलीची मडकी उरली, म्हशीही ती प्यायला कंटाळल्या, आणि सकाळच्या पारी साऱ्या आळीनं, एकमेकींना न सांगता, ती मोरीत ओतली. मीही एक तांब्या ओतला. शिकलेली बाई!

तिसऱ्या दिवशी चारही खड्डे नासले. पाणी काळं पडलं, वर साय धरली, आणि असा वास सुटला की शाळेच्या खिडक्या बंद करून घ्याव्या लागल्या. खड्डे तुंबून वाहायला लागले, आणि वाहिले तर ते ओढ्याकडंच वाहणार होते. आळीतली माणसं नाकाला उपरणं लावून जमली. हे खड्डे बुजवा, नाली होती तशी ओढ्यात सोडा, असा एकच गलका झाला.

अव्वानं पदर खोचला आणि ती धुसफुशीच्या खड्ड्यात उतरली. कमरेपर्यंत. हातांनी गाळ उपसून काठावर टाकायला लागली.

"अगं अव्वा, गळ्यात लिंग हाय तुझ्या!" कुणीतरी ओरडलं.

"मंग काय काढून ठिवू?" ती आतून म्हणाली. "त्यालाबी कळू द्या आपुन काय सांडतो ते."

गलका थांबला. तरी पुढं कुणी झालं नाही. मीसुद्धा काठावर उभी राहिले, हे खरं ते सांगायला हवं. मग ओढ्याच्या बाजूनं सुंद्राबाई कुदळ आणि टोपलं घेऊन आली, काठावर बसली, अव्वाला म्हणाली, "सरका जरा," आणि आत उतरली. दोघींनी तिन्हीसांजेपर्यंत दोन खड्डे उपसले. दुसऱ्या दिवशी आळीतल्या चारपाच बायका आल्या. आठ दिवस सगळ्या आळीनं मोरीचं पाणी बादल्यांतून आपापल्या परसात नेऊन ओतलं. अव्वानं खड्ड्यांत चुलीतली राख टाकली, नवी वाळू घातली. महिन्याभरानं चतुर परत आले आणि अव्वा पुन्हा शेवग्याला टेकून डोळे मिटायला लागली.

उन्हाळा लागला तसा आडाचा तळ दिसायला लागला. चैत्र संपता संपता आळीचा आड आटला. टँकर चार दिवसांतून एकदा यायचा, कधी यायचाच नाही. गावात पाणी उरलं ते एकाच ठिकाणी, खालच्या वस्तीच्या झिऱ्यात. तो मात्र पाझरत होता. खोल गेला होता, पण स्वच्छ होता.

वरच्या आळीच्या बायका पहिल्यांदा घागरी घेऊन ओढ्यात उतरल्या त्या सकाळी मीही त्यांच्यात होते. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. सुंद्राबाई झिऱ्याच्या काठावर वाटी घेऊन बसली होती. तिनं आमच्या घागरींवरून नजर फिरवली.

"या," ती म्हणाली. "पानी कुनाच्या बापाचं न्हाई. पर एक हाय. ज्याची मोरी अव्वाच्या खड्ड्यात जाती, त्यानं भरावं. ज्याची वढ्यात पडती, त्यानं पडती तिथलंच प्यावं."

आवाज चढवून नाही, दराची पाटी वाचावी तसं म्हणाली. मल्लप्पांच्या दोन्ही सुना रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या.

मल्लप्पा त्या दिवशी दुपारी आले. मी माझ्या खोलीच्या दारात वह्या तपासत होते. ते अंगणात चपला काढून उभे राहिले. तोंड सुकलं होतं. घरात लहान लेकरं होती.

"वैनी, लेकरं तान्हेली हायत. झिऱ्यावर पानी मिळंल आसं करा, तुमचं पाय धरतो."

"पाय कशाला? मोरी फिरवा."

"तुमच्या दारात खरकटं सोडू व्हय? आईच्या जागी हाय तुमी."

अव्वा उठून त्यांच्यासमोर आली. "भावजी, आईच्या जागी म्हणता ना? मंग आईला लेकराचं हगनं-मुतनं काढायची शिसारी येती का? सोडा की समदं माझ्या दारात. त्याच्यासाठीच तर बसले हाय हितं."

मल्लप्पांना रडू फुटलं. एवढा मोठा, भारदस्त माणूस, उपरण्यात तोंड घालून रडला. मी वह्यांमध्ये मान घातली. मग ते गेले आणि थोड्या वेळानं आळीच्या मागच्या बाजूनं कुदळीचा आवाज यायला लागला. गड्याला हात लावू न देता त्यांनी स्वतः चर खणला. ऊन उतरेपर्यंत त्यांच्या मोरीचं पाणी वळून अव्वाच्या पहिल्या खड्ड्यात पडलं. ओढ्यात आता कुणाचंच पडत नव्हतं.

परीक्षा संपल्या होत्या. नांदेडला माझं लग्न ठरलं होतं, मी त्या गावात परत यायची नव्हते, हे अव्वाला माहीत होतं. पाया पडले तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि घागर घेऊन ओढ्याकडं निघून गेली. मला वाईट वाटलं. दीड वर्षांनंतर निरोपाचा एक तरी शब्द बोलेल असं वाटलं होतं.

एसटी ओढ्यावरच्या फरशीपुलापाशी थांबायची. मी ट्रंकेवर बसून वाट पाहत होते. खाली वाळूत रांग लागली होती. मल्लप्पांच्या सुना भरून गेल्या, इतर बायका गेल्या. अव्वा सगळ्यांच्या शेवटी होती. सुंद्राबाईनं तिला दोनदा पुढं बोलावलं, ती गेली नाही. तिची पाळी आली तेव्हा झिऱ्यात पाणीच उरलं नव्हतं. दोघी वाळूत समोरासमोर बसल्या आणि पाझरायची वाट पाहत राहिल्या. काही बोलल्या असतील तर ते मला ऐकू आलं नाही. ऊन वर येत होतं.

एसटी आली. मी खिडकीपाशी बसले. कंडक्टर ट्रंक वर चढवत होता तेवढ्यात सुंद्राबाई खाली वाकली आणि वाटीभर पाणी घेऊन वर आली. तिनं वाटी अव्वापुढं धरली. अव्वानं ती परत तिच्याकडं सारली. "आधी तू पी," असं ती म्हणाली असावी, कारण सुंद्राबाईनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि मग वाटी तोंडाला लावली. सगळी प्यायली. मग तीच वाटी, न विसळता, तिनं पुन्हा झिऱ्यात बुडवली, आणि अव्वानं हात पुढं केला.